विहिरीच्या भिंतीतील थर : दख्खनच्या काळ्या पाषाणाचे वय व रचना

महाराष्ट्राच्या भूभागापैकी सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. आपली काळी जमीन, मुरूम आणि विहिरीचे पाणी ही सर्व या पाषाणाचीच देणगी होय. तरीही विहीर किंवा कूपनलिका घेताना तो कोणत्या क्रमाने रचला गेला आहे, याचा विचार क्वचितच केला जातो. परिणामी कर्ज काढून घेतलेले खोदकाम कोरडे जाते व त्याचे हप्ते मात्र फेडावे लागतात. म्हणून या रचनेची ओळख शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करून घेणे अगत्याचे आहे.

थर कसे साचले

सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाला लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. तो दूरवर पसरला, थिजला व त्यावर पुन्हा नवा रस आला. अशा रीतीने थरांवर थर चढले. सह्याद्रीच्या उतारांवर दिसणाऱ्या पायऱ्या या थरांच्याच आहेत. शास्त्रज्ञ या पाषाणाला ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात, त्यातील ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे.

पश्चिमेकडे ही रास जाड असून पूर्वेकडे ती पातळ होत जाते. कोयना परिसरात गोठणे येथे घेतलेल्या खोल छिद्रात 1,247 मीटरनंतर खालचा जुना ग्रॅनाइटी खडक लागला, तर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात तो 338 मीटरवरच लागला.

वय कसे ठरवितात

पहिला नियम साधा आहे. थर उलथेपालथे झालेले नसतील, तर खालचा थर जुना व वरचा नवा. परंतु डोंगराच्या उंचीवरून वय ठरत नाही. थर दक्षिणेकडे किंचित कललेले असल्यामुळे कळसूबाईचे शिखर महाबळेश्वरपेक्षा उंच असूनही त्याचा खडक महाबळेश्वरच्या माथ्यावरील खडकापेक्षा जुना आहे.

वर्षांची मोजणी खडकातील द्रव्यांवरून होते. पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार अतिशय मंद गतीने मोडतो. त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे 125 कोटी वर्षे लागतात व त्यातील काही अंशाचा आर्गॉन वायू बनतो. शिलारस पातळ असताना हा वायू निसटून जातो, तो थिजल्यावर मात्र आत कोंडून राहतो. कोंडलेल्या वायूचे प्रमाण मोजले म्हणजे खडक केव्हा थिजला हे कळते. कुजलेल्या खडकातून वायू गळतो, म्हणून नमुना ताज्या खडकाचाच घ्यावा लागतो. थरांमधील राखेत सापडणाऱ्या झिरकॉन स्फटिकांतील युरेनियम व शिसे यांवरूनही असेच वय काढतात. या मोजण्यांवरून असे दिसते की, सह्याद्रीतील राशीचा बहुतेक भाग दहा लक्ष वर्षांच्या आतच साचला. पृथ्वीच्या आयुष्यात हा काळ फारच थोडा होय.

विहिरीत काय पाहावे

एका थराचा मधला भाग घट्ट काळा पाषाण असतो. त्यात पाणी साचते ते केवळ भेगांत. वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहतात व त्यांत पांढरी खनिजे भरतात. यालाच मांजऱ्या खडक म्हणतात. तो झिजून मऊ झाला असेल तर पाणी चांगले धरतो.

दोन थरांमध्ये कोठे कोठे गेरूसारखा तांबडा पट्टा आढळतो. एक रस थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या अवधीत जुना पृष्ठभाग झिजून हा पट्टा बनला. तो चिकणमातीचा असल्याने बहुधा पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून डोंगरउतारावर त्याच्या वरच्या कडेने झरे फुटतात. कूपनलिकेत मात्र हा पट्टा ढासळतो, त्यामुळे तेथे आवरणनळी घालावी लागते.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

1. गावातील प्रत्येक जुन्या विहिरीत कोणता थर किती खोलीवर आहे व झरा कोठे आहे, याची नोंद करावी.

2. गवंडी वापरतात त्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने विहिरींच्या काठांच्या उंचीतील फरक काढावा. थर जवळजवळ आडवे असल्याने शेजारच्या विहिरींतील एकच थर सहज जुळविता येतो.

3. नव्या विहिरीची जागा या नोंदी पाहून व भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला घेऊन ठरवावी.

4. पाणधरा थर ओलांडून खाली घट्ट पाषाण लागल्यास, केवळ आशेवर खोली वाढवू नये.

खडक कोट्यवधी वर्षांचा असला, तरी आपल्या विहिरीचा झरा मुख्यतः पावसाच्या पाण्यावरच जगतो. पाषाण पाणी निर्माण करीत नाही, तो ते फक्त साठवितो आणि त्याची साठवणही मर्यादित असते. म्हणून खोदकामावर खर्च करण्यापूर्वी थर ओळखावेत आणि जेवढे पाणी उपसावयाचे, तेवढे बांधबंदिस्तीने जमिनीत मुरविण्याची तजवीज करावी. यातच शेतकऱ्याचे हित आहे.