हार्ड डिस्कवरील विभागांची फेरआखणी

घरगुती संगणकात हार्ड डिस्कचे दोन विभाग पाडण्याची पद्धत रूढ आहे. ‘सी’ विभागात संगणकाची कार्यप्रणाली असते, तर ‘डी’ विभागात छायाचित्रे, हिशेब, मुलांचा अभ्यास असा संग्रह ठेवला जातो. कालांतराने ‘सी’ भरून जातो आणि शेजारच्या ‘डी’मध्ये मात्र पुष्कळ जागा पडून राहते. अशा वेळी नवी डिस्क न घेता विभागांच्या सीमा बदलता येतात. मात्र त्यामागील तत्त्व आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

डिस्कवर प्रत्यक्ष कोणताही बांध घातलेला नसतो. कोणता विभाग कोठे सुरू होतो व त्याचे क्षेत्र किती, याची नोंद सातबाराच्या उताऱ्याप्रमाणे एका तक्त्यात असते. १९८३ मध्ये पीसी डॉस २.० बरोबर आलेल्या एमबीआर पद्धतीच्या तक्त्यात चारच मुख्य विभाग मावतात. नंतरच्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ विभागांची सोय असून तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राखलेली असते.

२००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ‘डिस्क मॅनेजमेंट’ या सोयीने विभाग लहान-मोठे करता येऊ लागले. येथे अनेकांची एक गफलत होते. समजा, ‘सी’ १०० गिगाबाइटचा व ‘डी’ ४०० गिगाबाइटचा आहे. ‘डी’तून १०० गिगाबाइट कमी केले, तर मोकळी जागा ‘डी’च्या शेवटी, म्हणजे ‘सी’पासून दूरच्या टोकाला निघते. ‘सी’ वाढविण्यासाठी मात्र ती ‘सी’ला लागूनच असावी लागते. त्यामुळे जागा असूनही ती उपयोगी पडत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. ‘डी’मधील सर्व संग्रह बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा, प्रती उघडून तपासाव्यात, मग ‘डी’ काढून टाकून ‘सी’ वाढवावा व उरलेल्या जागेत नवा ‘डी’ निर्माण करावा. हा पहिला मार्ग होय. दुसऱ्या मार्गात जीपार्टेडसारख्या साधनाने ‘डी’चा आरंभच पुढे सरकविला जातो. त्यासाठी विभागातील माहिती जागची हलवावी लागते. या कामास कित्येक तास लागू शकतात आणि मध्येच वीज गेल्यास संपूर्ण विभाग वाचता न येण्याचा धोका असतो. दोन्ही विभागांच्या मध्ये दुरुस्तीसाठी राखलेला एखादा लहान विभाग असेल, तर जाणकाराचे साहाय्य घेणे इष्ट.

कोणताही मार्ग पत्करला तरी काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. प्रथम सर्व माहितीची स्वतंत्र प्रत काढावी. ‘चेकडिस्क’ने विभागातील दोष तपासून घ्यावेत. बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची पुनःप्राप्ती किल्ली कागदावर टिपून ठेवावी. विजेची पर्यायी व्यवस्था असल्याशिवाय कामास हात घालू नये.

सीमेची नोंद बदलण्यास काही क्षण पुरतात. परंतु वर्षानुवर्षे जमविलेली छायाचित्रे व कागदपत्रे एकदा गेली, तर ती परत मिळतीलच असे नाही. म्हणून फेरआखणीचा आरंभ नेहमी प्रत काढण्यापासूनच व्हावा.