खेळाडू राखावा की सोडावा?

प्रास्ताविक

मैदानावरचा सामना चाळीस मिनिटांत संपतो. त्याच्या आधी एक सामना कागदावर खेळला जातो, आणि त्याकडे प्रेक्षकांचे लक्ष सहसा जात नाही. कोणता खेळाडू संघात ठेवायचा, कोणाला सोडायचे, किती मोबदला द्यायचा आणि किती काळासाठी, हे तिथे ठरते. आपल्या मातीतल्या कबड्डीच्या आधारे या व्यवहाराची ओळख प्रस्तुत पाठात करून दिली आहे.

मूळ पाठ

महाराष्ट्रातील कबड्डीपटूचे पूर्वीचे स्वप्न म्हणजे नोकरी. पोलीस दल, बँका, एअर इंडिया, महिंद्रा अशा आस्थापनांचे संघ असत. चांगल्या चढाईपटूला तिथे पगार मिळे, शिवाय खेळ थांबल्यावरही चूल पेटती राही. खेळाडूला संघाशी बांधून ठेवणारी गाठ ही नोकरीच होती. त्याची किंमत किती, हा प्रश्न कोणी उघडपणे विचारीत नसे.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हा प्रश्न लिलावाच्या सभागृहात जाहीरपणे विचारला गेला. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजार रुपयांची. २०१८ मध्ये काही खेळाडूंच्या बोलीने एक कोटीचा टप्पा ओलांडला. चार वर्षांत झालेली ही वाढ पाहता खेळाडू आणि संघमालक या दोघांनाही आपले गणित नव्याने मांडावे लागले, यात नवल नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१८ मध्ये 'यू मुंबा' संघाने त्याला ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले. त्या हंगामात त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले. पुढच्याच वर्षी लिलावात त्याची बोली १ कोटी ४५ लाखांवर गेली, आणि तो तेलुगू टायटन्सकडे गेला. मुंबईचे नुकसान झाले असे म्हणता येईल; पण खेळाडूच्या बाजूने पाहिले तर त्याच्या मेहनतीचे खरे मोल बाजारात उतरल्याखेरीज त्याला कळलेच नसते. २०२१ च्या लिलावात टायटन्सने १ कोटी ३० लाख मोजून त्याला आपल्याकडेच ठेवले. दुर्दैवाने त्या हंगामात दुखापतीमुळे तो लवकरच बाहेर पडला. करारावर सही करताना गुडघा किंवा खांदा पुढे कसा राहील, याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

टायटन्सने त्याला ठेवले ते कोणत्या नियमाने? लीगमध्ये 'फायनल बिड मॅच' नावाची सोय आहे. आपण सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने शेवटची बोली लावली, तर जुना संघ तेवढीच रक्कम देऊन त्याला परत घेऊ शकतो. याखेरीज लिलावापूर्वीच काही खेळाडू थेट राखता येतात, आणि उदयोन्मुख तरुणांना एकापेक्षा अधिक हंगामांसाठी करारबद्ध करता येते. संघाच्या एकूण खर्चावर मात्र मर्यादा असते. २०२३ च्या लिलावात ती पाच कोटी रुपये होती. सगळी कसोटी या मर्यादेत आहे. एकावर अधिक खर्च केला की दुसऱ्यासाठी कमी उरते.

तेलुगू टायटन्सने २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये लावले, म्हणजे थैलीतील निम्म्याहून अधिक. पवनने आपले काम चोख केले, तरीही संघाला २२ सामन्यांत अवघे दोन विजय मिळाले व तो तळाला राहिला. त्याआधीच्या हंगामात उलटे घडले होते. २ कोटी २६ लाखांना घेतलेला हाच पवन तमिळ थलैवाजकडून पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, आणि त्याच्याविना तो संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

पुणेरी पलटणने निराळी वाट धरली. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार आणि त्याच्यासारखे तरुण खेळाडू त्यांनी लहान वयात करारबद्ध केले व वर्षानुवर्षे एकत्र खेळवले. इराणचा महंमदरेझा शादलुई २०२३ मध्ये २ कोटी ३५ लाखांना त्यांच्या जोडीला आला. १ मार्च २०२४ रोजी अस्लमच्या नेतृत्वाखाली पुण्याने हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून विजेतेपद मिळवले. मग पलटणने शादलुईला सोडले आणि घरची मुले राखली. शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यातल्याच बालेवाडीत हरियाणा विजेता ठरला! म्हणून पलटणचा निर्णय चुकला असे लगेच ठरवू नये; पुढच्याच, २०२५ च्या हंगामात हा संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला होता.

हाच पेच दूर ऑस्ट्रेलियातही आहे. तिथल्या 'ऑस्ट्रेलियन रूल्स' फुटबॉलमध्ये १८ संघ असून वेतनावर तशीच मर्यादा आहे. २०१२ पासून तिथे नियम असा, की आठ वर्षे एका संघाकडे खेळलेल्या खेळाडूला करार संपल्यावर दुसरीकडे जाता येते; तो संघातील सर्वाधिक वेतन घेणाऱ्यांपैकी असेल, तर जुन्या संघाला बरोबरीची रक्कम देऊन त्याला राखता येते. म्हणजे आपल्याकडच्या सोयीसारखेच. २०१३ मध्ये लान्स फ्रँकलिन हॉथॉर्न सोडून सिडनीकडे गेला, तो नऊ वर्षांच्या आणि सुमारे एक कोटी डॉलरच्या कराराने. कबड्डीपटूला एवढ्या मुदतीचा करार मिळत नाही, आणि येथे त्याची बाजू लंगडी पडते.

परदीप नरवालने पाटण्याला सलग तीन विजेतेपदे मिळवून दिली. २०२१ मध्ये पाटण्याने त्याला सोडले, तेव्हा उत्तर प्रदेशच्या संघाने त्याच्यासाठी १ कोटी ६५ लाख दिले. २०२५ च्या लिलावात मात्र त्याच्यावर एकही बोली लागली नाही. त्यानंतर त्याने निवृत्ती जाहीर केली.

स्वाध्याय

१. 'फायनल बिड मॅच' या सोयीमुळे जुन्या संघाला कोणता लाभ होतो? खेळाडूला होतो का?
२. जुन्या आस्थापनांतील नोकरी आणि आजचा लिलाव यांपैकी खेळाडूच्या दृष्टीने तुम्हांला काय अधिक सुरक्षित वाटते? कारणे द्या.
३. तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या व्यक्तीने केलेला कामाचा एखादा करार आठवा. त्यात मुदत, मोबदला आणि आजारपण यांविषयी काय लिहिले होते, ते दहा ओळींत लिहा.