हात लपवू नका

अश्विनी पौर्णिमेच्या आधी सोलापूर-तुळजापूर रस्ता माणसांनी भरून वाहतो. सुमारे 45 किलोमीटर चालत, कित्येक जण अनवाणी, देवीआईच्या दर्शनाला निघालेले असतात. त्या वर्षी नर्स म्हणून माझी ड्युटी वाटेवरच्या उपचार केंद्रात होती. एका आजींच्या फुटलेल्या टाचांना पट्टी बांधता बांधता मी नेहमीचं सांगणं सुरू केलं, "आजी, रोज रात्री तेल लावून झोपत जा." हातमोजे बदलायला काढले, तेवढ्यात आजींनी माझा हात धरून उलटा केला.

"अगं माय! माझ्या टाचा चालून चालून फुटल्या. तुझ्या हाताला काय झालं?"

मी हात सोडवून घेतला आणि घाईने दुसरे मोजे चढवले. कारण तोवर बराच काळ मी तेच करत आले होते, हात लपवत.

सुरुवात 2020 ची. कोविड वॉर्डात दोन-दोन मोजे, आत घामाने भिजलेले हात, सुटले की साबण. आमच्याकडे पाणी बहुतेक बोअरचं, जड. फेस येत नाही म्हणून साबण जास्त घ्यायचा आणि घाईत नीट धुवायचा नाही. जड पाण्यातल्या क्षारांशी साबणाचा जो चिकट थर होतो, तो कातडीवर तसाच राहतो. आधी बोटांच्या बेचक्यात खाज, मग लाली, मग चिरा. सॅनिटायझर लावलं की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून ते सोडून मी साबणच वाढवला. ही पहिली चूक.

दुसरी चूक त्याहून मोठी. ओपीडीत शंभर जणांना "मनाने औषध घेऊ नका" म्हणणारी मी, मेडिकलमधून एक मिश्र मलम घेऊन आले. त्यात स्टेरॉइड होतं. चार दिवसांत हात लोण्यासारखे झाले. मलम थांबवलं की दुप्पट जोराने उठायचं, म्हणून पुन्हा मलम. असे सात-आठ महिने गेले आणि कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली.

आजींनी हात धरला नसता, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलेच नसते. त्यांनी सांगितलं ते साधं होतं. हातांवर दिसणारी घाण नसेल, तर साबणापेक्षा ग्लिसरीन घातलेलं हँडरब कातडीला सौम्य पडतं; ते झोंबतं, कारण चिरा आधीच पडलेल्या असतात. हँडरब 20 ते 30 सेकंद चोळा. घाण, रक्त लागलं किंवा जुलाबाचा रुग्ण हाताळला, तर मात्र साबण-पाणीच, 40 ते 60 सेकंद. पाणी गरम नको. हात टिपून पूर्ण कोरडे झाल्याशिवाय मोजे घालू नका. अंगठी घरी ठेवा, तिच्याखाली साबण अडकतो. हायपोच्या, म्हणजे जंतुनाशक ब्लीचच्या, बादलीत उघडा हात कधीच नको. पावडरवाल्या लॅटेक्स मोज्यांनी खाज येत असेल, तर नायट्रिलचे मागून घ्या. रात्री पेट्रोलियम जेली लावून सुती मोजे घाला. ड्युटीवर लॅटेक्सच्या आत मात्र ती नको, रबर कमजोर होतं. आणि चिरलेला हात म्हणजे जंतूंना उघडं दार. रुग्णाचे आपल्यात येतात, आपले रुग्णाकडे जातात.

हात सुधारत होते, तेव्हा कमरेने हिशेब मागितला. एका नाईटला वॉर्डबॉय मामा दुसऱ्या वॉर्डात गेलेले. पलंगावरून खाली घसरलेल्या भारी अंगाच्या रुग्णाला मी एकटीने वर ओढलं. कमरेत उसण भरली ती अशी, की सकाळी चप्पल घालायला वाकता येईना. तरी बाम चोळून दोन दिवस ड्युटी केली. पुढे तीन आठवडे घरी बसावं लागलं.

आता रुग्ण हलवायचा असला की मी थांबते. मामा, मावशी, नाहीतर नातेवाइकांतला धडधाकट माणूस बोलावते. रुग्णाच्या अंगाखाली ड्रॉ-शीट, म्हणजे आडवी चादर, घालायची, दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून घट्ट धरायच्या. पलंग वर होत असेल तर कमरेइतका करायचा. पाय फाकवून, गुडघे थोडे वाकवून उभं राहायचं. रुग्णाला पाय रोवता येत असतील तर त्यालाही जोर लावायला सांगायचं. एक-दोन-तीन म्हणून एकदम सरकवायचं, कंबर पिळायची नाही.

सुई टोचल्यावरही तेच, लपवणं. टोचली की इन्चार्ज सिस्टर रागावतील म्हणून मुली गप्प बसतात. बोट पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्यांचा पहिला डोस लागणार असेल, तर तो शक्यतो 2 तासांत घ्यावा लागतो. 72 तास उलटल्यावर त्यांचा उपयोग राहत नाही. कावीळ-बीच्या लसीचे तिन्ही डोस तर नोकरीला लागतानाच सुरू करून पूर्ण करा. आणि ड्युटीभर पाणी न पिता, लघवी दाबून बसू नका. एप्रिल-मेच्या आमच्या उन्हात त्याची शिक्षा लवकर मिळते.

परवा वॉर्डात नव्या विद्यार्थिनी आल्या. राउंड चालू असताना एकीचे हात एप्रनच्या खिशातून बाहेरच येत नव्हते. मी तिला बाजूला घेतलं.

"काढ बाहेर."

बोटांच्या बेचक्यात लाली नुकतीच धरली होती. "काही नाही मॅडम, सवय होईल," ती म्हणाली.

मी माझे हात तिच्यासमोर धरले. पातळ झालेली कातडी अजून चमकते. मग तिला घेऊन सरळ त्वचारोगाच्या ओपीडीत गेले.