हरवलेला कोअर

ड्रिलिंग म्हटलं की आपल्या मीरा-भाईंदरकरांना बोअरवेलची गाडी आठवते. कानठळ्या, धूळ, आणि शेवटी पाणी लागलं की नाही एवढाच प्रश्न. इथला बेसाल्ट भुगा होऊन वर येतो. खनिजाच्या शोधात मात्र भुग्यावर भागत नाही. शीर किती खोलीवर लागली, किती जाड आहे, हे अखंड दगडातच नीट वाचता येतं. म्हणून तिथे हिऱ्याचे कण बसवलेला पोकळ बिट वापरतात. तो कडेचा दगड कापतो आणि मधला दांडा, म्हणजे कोअर, बॅरलमध्ये सरकतो. एनक्यू साइझमध्ये त्याचा व्यास ४७.६ मिलिमीटर.

महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला फ्लोरस्पार आहे, नागपूर जिल्ह्यातल्या कोलारीला जस्त. तिथले खडक आपल्या बेसाल्टपेक्षा कितीतरी जुने. जस्त पत्र्यावर चढवतात हे ठाऊक असतंच. फ्लोरस्पारपासून हायड्रोफ्लोरिक ॲसिड बनतं, आणि पोलादाच्या भट्टीतही तो टाकतात.

आता खरी गोम. फ्लोरस्पारचा कठीणपणा मोह्ज स्केलवर फक्त ४, आणि तो चार दिशांना सहज फुटतो. शेजारी ग्रॅनाइट असेल तर त्याचा कोअर छान सलग निघतो. शीर मात्र तुटते, दळली जाते, पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खर्च केला तेच गायब!

समजा ३ मीटरचं ड्रिलिंग झालं आणि हातात २.४ मीटर कोअर आला. रिकव्हरी ८० टक्के. कागदावर बरी दिसते. पण ड्रिलरच्या वहीत पाण्याचा रंग बदलल्याची आणि बिट भरभर खाली गेल्याची नोंद आहे, त्यावरून शीर १ मीटरची असावी. गेलेले ६० सेंटिमीटर सगळे तिच्यातलेच असतील, तर शिरेची रिकव्हरी फक्त ४० टक्के! उरलेल्या तुकड्यांत कठीण क्वार्ट्झच जास्त असेल, तर लॅबचा आकडा कमी येणार आणि चांगली शीर नापास होणार. म्हणून शिरेची रिकव्हरी वेगळी मांडलेली नसेल, तर माझ्या मते तो रिपोर्ट अर्धवटच. (सिव्हिलवाल्यांनो, तुमचा आरक्यूडी इथे कामाचा नाही. तो १० सेंटिमीटरपेक्षा लहान तुकडे मोजतच नाही.)

उपाय आहेत. शीर जवळ आली की ३ मीटरऐवजी थोडं थोडं कापायचं, पाण्याचा जोर कमी ठेवायचा, ट्रिपल ट्यूब बॅरल लावायचं. वर येणारा गाळही मीटरवार साठवायचा.

जाडीचं गणित सोपं, तरी फसवं. कोअरची रेषा आणि शिरेचा प्रतल यांत ३० अंशांचा कोन असेल, तर कोअरमध्ये दिसलेले ४ मीटर म्हणजे खरी जाडी २ मीटरच, कारण साइन ३० म्हणजे अर्धा. कोन न लिहिता नुसते ४ मीटर लिहिले, तर खनिजाचा साठा कागदावर दुप्पट होतो.

शेवटी कोअर उभा चिरतात. अर्धा लॅबला जातो, अर्धा पेटीत राहतो, पुढे कुणाला शंका आली तर पुन्हा तपासायला.