परत मागविलेले औषध

रक्तदाब हा विकार पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखविता वाढतो. म्हणूनच त्यावरील गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. अशी गोळी सदोष ठरून बाजारातून परत मागविली गेली, तर रोग्याने काय करावे?

अलीकडील मोठे उदाहरण व्हल्सार्टन या औषधाचे होय. हे औषध रक्तवाहिन्यांना आकुंचित करणाऱ्या अँजिओटेन्सिन या द्रव्याचे कार्य रोखते. जुलै २०१८ मध्ये चीनमधील एका कारखान्यात तयार झालेल्या व्हल्सार्टनमध्ये नायट्रोसोडायमिथिलअमाइन हे द्रव्य आढळले. ते माणसात कर्करोगास बहुधा कारणीभूत होणारे मानले जाते. औषध बनविण्याची पद्धत बदलली गेली, तेव्हा विद्रावकापासून सुटणारे अमाइन आणि सोडियम नायट्राइट यांचा संयोग होऊन ते निर्माण झाले. त्यानंतर अनेक देशांनी ते औषध परत मागविले.

धोका किती होता? सर्वाधिक, म्हणजे ३२० मिलिग्रॅमची सदोष मात्रा ८,००० लोकांनी चार वर्षे रोज घेतली, तर त्यांच्या उर्वरित आयुष्यात कर्करोगाचा एखादा रोगी अधिक आढळेल, असा अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा अंदाज होता. उलट, उपचार सोडल्यास पक्षाघात वा हृदयविकार ओढवण्याचा धोका याहून पुष्कळ मोठा व निकटचा असतो. म्हणून पर्यायी औषध हाती येईपर्यंत गोळी बंद करू नये, असेच त्या प्रशासनाने रोग्यांना सांगितले.

परत मागणी बहुधा विशिष्ट बॅचपुरती असते. कुंभाराची एक भट्टी बिघडली म्हणून त्याची सर्वच मडकी कच्ची ठरत नाहीत, तसेच हे आहे. यासाठी वेष्टनावरील औषधाचे नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक जाहीर सूचनेशी ताडून पाहावेत. पट्टी कापून घेतल्यास क्रमांक हरवतो. अशा वेळी दुकानाची पावती उपयोगी पडते.

भारतात १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू आहे. नवी दिल्लीतील केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना निकृष्ट ठरलेल्या औषधांची यादी दरमहा प्रसिद्ध करते. तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अतिगंभीर दोषाचे औषध जास्तीत जास्त ७२ तासांत, तर सौम्य दोषाचे ३० दिवसांत परत घ्यावयाचे असते. कायद्याच्या २६ व्या कलमान्वये ग्राहकालाही शुल्क भरून औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेता येते. औषधाचा दुष्परिणाम जाणवल्यास गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाला १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळविता येते.

सारांश, सूचना वाचताच गोळ्या फेकून देऊ नयेत. प्रथम क्रमांक पाहावा; तो जुळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला वेष्टनासह भेटावे आणि बदली औषध घ्यावे. ते मिळेपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून उपचार खंडित करू नये. काही औषधे एकाएकी थांबविल्यास रक्तदाब झपाट्याने चढतो, हे रोग्याने व त्याच्या कुटुंबीयांनी सदैव ध्यानात ठेवावे.