नोंदवही बिघडली, दोष कोणाचा?

ग्रंथालयातील सारे ग्रंथ जागच्या जागी असले, तरी नोंदवही फाटली की हवा तो ग्रंथ सापडत नाही. संगणकाच्या डिस्कवरील डिरेक्टरी ही अशीच नोंदवही होय. ती बिघडली की घरातील छायाचित्रे डिस्कवर असूनही हरवतात.

फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या सॉफ्टवेअरवर या बिघाडाचा संशय अनेकदा घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. असे सॉफ्टवेअर एकच फाइल अनेक संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी, क्रम सोडून आणते. डिस्कवरील लेखन अखंड चालते. परंतु डिरेक्टरीतील नोंद ते स्वतः करीत नाही. ती ऑपरेटिंग सिस्टिम करते. नोंद अर्धवट असताना वीज गेली, रॅम सदोष असली किंवा डिस्क झिजली असली, तर डिरेक्टरी बिघडू शकते. अखंड लेखनाने हा दोष लवकर उघड होतो.

२००२ साली ॲपलने मॅकमध्ये जर्नलिंग आणले. त्यात बदल आधी रोजनाम्यात व मग नोंदवहीत लिहिला जातो. वीज गेल्यास ते तारते. सदोष डिस्कपुढे मात्र तेही हतबल ठरते.

म्हणून बिघाड दिसताच नवे लेखन थांबवावे, वाचतील त्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि मगच दुरुस्ती करावी. एखादी गोष्ट नंतर घडली म्हणून ती त्यामुळेच घडली, असे मानू नये.