शंभर गाणी, पण वाजतात चारच

प्रश्न : माझा नातू मोबाइलवर तालाचा एक खेळ खेळतो. गाणं सुरू झालं की वरून रंगीत ठिपके पडतात, ते ठेक्यावर टिपायचे. गाणी ढीगभर आहेत; पण तो आणि त्याचे मित्र फिरून फिरून त्याच चार-पाच गाण्यांवर येतात. बाकीची वाईट आहेत का?
– एक आजी, अक्कलकोट

उत्तर : नाही आजी, वाईट नाहीत. पण या खेळात गाणं नुसतं ऐकायचं नसतं, सोडवायचंही असतं.

भजनात काय होतं ते आठवा. आठ मात्रांचा भजनी ठेका, चाल ओळखीची. दाराशी उभा असलेला माणूससुद्धा टाळी धरतो. बुवांनी अवघड चाल काढली की माना डोलतात, टाळ मात्र चाचपडतात. मग रोजच्या भजनात कोणती चाल जास्त येणार? खेळातही तेच. मात्र अगदी सरळसोट ठेक्याचाही कंटाळा येतो. वेगवेगळ्या प्रमाणात ठोके सरकवलेले ड्रमचे तुकडे लोकांना ऐकवून केलेला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. नाचावंसं सर्वांत जास्त वाटलं ते मधल्या तुकड्यांवर : फार सोपेही नाहीत, फार वाकडेही नाहीत.

अपवाद आहे, आणि तो गमतीचा आहे. 2007 च्या ‘गिटार हीरो 3’ या अशाच खेळातलं ड्रॅगनफोर्स या बँडचं ‘थ्रू द फायर अँड फ्लेम्स’ हे गाणं महाकठीण. नेमकं म्हणूनच पोरं त्याच्यामागे लागली. तिथे गोडी गाण्याची कमी, पैजेची जास्त.

ओळखीचा भाग वेगळाच. आपल्या जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट 2016 साली आला. त्यातलं अजय-अतुलचं ‘झिंगाट’ हे गाणं 2017 मध्ये ‘मनसु मल्लिगे’तून कन्नडमध्ये गेलं, 2018 मध्ये ‘धडक’मधून हिंदीत. शब्द बदलले तरी चाल तीच, त्यामुळे तुमच्याकडच्या कन्नड बोलणाऱ्या घरातही पाय आपोआप हलतात. पुढचा ठोका कुठे पडणार हे आधीच ठाऊक असलं की बोटही वेळेवर पडतं.

पण माझ्या मते खरी मेख यादीत आहे. काही गाणी फुकट, काही पैसे भरल्यावर उघडणारी. आणि ‘सर्वाधिक खेळलेली’ म्हणून वर लावलेली गाणी आणखी खेळली जातात. अमेरिकेतल्या सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी 2006 साली हेच दाखवलं. अनोळखी बँडांची 48 गाणी, चौदा हजारांवर ऐकणारे. काहींना इतरांनी किती वेळा गाणी उतरवून घेतली ते आकडे दाखवले, काहींना नाही. त्यांनी आकडे पाहणाऱ्यांचे आठ वेगळे गट केले होते. आकडे दिसले तिथे वरचं गाणं आणखी वर गेलं, खालचं आणखी खाली. आणि दर गटात पहिला नंबर पटकावणारं गाणं एकच निघालं नाही. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र नशीब.

तेव्हा नातवाला एकदा यादीच्या तळाशी जायला सांगा आणि तिथलं एक गाणं तुम्ही निवडून द्या. एकदा नको, चार दिवस खेळू दे. पाचव्या दिवशी तो आपणहून ते लावतो का, एवढं आम्हाला कळवा.